दारावरच्या पाटीतल्या भाषा

रायगडावर १६७४ साली शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला, तेव्हा दरबारातले शब्दही बदलले. मुजुमदारांना अमात्य म्हणायचं ठरलं, सुरनिसांना सचिव, वाकनिसांना मंत्री, डबिरांना सुमंत, सरनोबतांना सेनापती आणि पेशव्यांना पंतप्रधान. सुलतानी अमलाच्या तीन शतकांत कारभाराच्या मराठीत फारसी इतकी मुरली होती की महाराजांनी त्यासाठी स्वतंत्र कोशच करवून घेतला. रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध केलेल्या त्या राज्यव्यवहारकोशात दहा वर्गांत मिळून सुमारे चौदाशे दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. नव्या राज्याने आपल्या भाषेची घातलेली ही घडी आजही थक्क करते.

तरीही पुण्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या जिन्याखालचा नामफलक वाचला, तर तिथे मुजुमदार, वाकनीस, डबीर आणि सरनोबत हमखास भेटतात. अमात्य, सचिव ही नावं बावड्याचे पंत अमात्य, भोरचे पंत सचिव अशा संस्थानिक घराण्यांपुरती राहिली. पंतप्रधानांची गोष्ट तर आणखी वेगळी. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट १७१३ साली या पदावर आले. त्यांच्या घराण्याच्या शिक्क्यांवर ‘प्रधान’ हाच शब्द कोरला गेला, पण पुढची शंभर वर्षं सगळा हिंदुस्थान त्यांना पेशवे म्हणूनच ओळखत राहिला. भट हे मूळ नाव मागे पडलं आणि एक फारसी पदनाम त्या घराण्याला कायमचं चिकटलं.

याचं कारण सरळ आहे. पद राजाचं असतं, आडनाव घराचं. पदाचं नाव राजाला एका हुकमाने बदलता येतं. पण ज्या घरात बापाचं काम मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे जातं, त्या घराला गावाने एकदा एका नावाने हाक मारायला सुरुवात केली की ती हाक कोशाने थांबत नाही. म्हणून मराठी आडनावात रक्ताचा किंवा कुळाचा उगम शोधणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. त्या नावातली भाषा दुसरंच काही सांगत असते: हे घर कोणत्या काळात, कोणाच्या दप्तरात, कोणत्या कामासाठी नोंदलं गेलं. आणि ही माहिती वंशावळीपेक्षा कितीतरी अधिक मोलाची आहे.

सुरुवात ‘नीस’पासून करू. फारसीत नविश्तन म्हणजे लिहिणं आणि नवीस म्हणजे लिहिणारा. त्या नवीसचा मराठी जिभेवर नीस झाला आणि त्यातून आडनावांची एक मोठी फळी उभी राहिली. पत्रव्यवहार पाहणारा चिटणीस. वाकिया म्हणजे घडलेल्या गोष्टी. त्या टिपून ठेवणारा वाकनीस. फारसी पत्रं लिहिणारा आणि वाचणारा पारसनीस. फोता म्हणजे खजिन्याची थैली, तिचा हिशेब ठेवणारा पोतनीस. कारखान्यांचे जमाखर्च सांभाळणारा कारखानीस. यातल्या कारखान्याचा गिरणीच्या चिमणीशी काही संबंध नाही. शिवकाळात राज्याचे अठरा कारखाने होते, आणि धान्याचं कोठार, हत्तीशाळा, शस्त्रागार ही सगळी त्यांची रूपं होती.

हे शब्द मराठी घरांत शिरले कसे, याचा एक धागा विजापूरला सापडतो. पहिला इब्राहिम आदिलशहा १५३४ ते १५५८ या काळात गादीवर होता. त्याने महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला लावले आणि त्या कामावर ब्राह्मण कारकून नेमले, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. म्हणजे लेखणी मराठी माणसाच्या हातात आली, लिपी मोडी झाली, वाक्यं मराठी झाली. पण कामांची नावं जी रुळली होती ती तशीच राहिली. दप्तर, जमा, वसूल, बाकी, हजेरी, जमीन हे शब्द आज कोणालाच परके वाटत नाहीत. नीस आणि मुजुमदारातला दार त्याच वाटेने आले. फरक एवढाच की दप्तरातले शब्द कागदावर राहिले, आणि हे दोन प्रत्यय माणसांच्या नावांमागे जाऊन बसले.

घराचं जुनं नाव मागे सारून कामाचं नाव पुढे कसं येतं, हे पाहायला दोन घराणी पुरेशी आहेत. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचं आडनाव चित्रे. त्यांचे चिरंजीव खंडो बल्लाळ चिटणीस म्हणूनच इतिहासाला माहीत आहेत, आणि पुढे त्याच घराण्यातले मल्हार रामराव बखरकार झाले तेही चिटणीस या नावाने. दुसरं घराणं भानूंचं. कोकणातल्या वेळासच्या या कुटुंबातल्या बाळाजी महादेवांकडे फडणिशी आली. त्यांचा नातू बाळाजी जनार्दन १७४२ साली जन्मला, १७६१च्या पानिपतातून जिवंत परतला आणि १८०० साली मरेपर्यंत मराठी राज्याचं सूत्र हातात धरून राहिला. नाना भानू म्हटलं तर आज कोणी ओळखणार नाही. नाना फडणवीस म्हटलं की सारा उत्तर पेशवाईचा काळ उभा राहतो. फडणवीस हा शब्द फर्दनवीसवरून आल्याचं सांगतात. फर्द म्हणजे हिशेबाचा किंवा यादीचा बंद. इंग्रजांच्या जुन्या कागदांत नानांचं नाव ‘फर्नवीस’ या उच्चाराला जवळ जाईल असं लिहिलेलं आढळतं, आणि त्यात तो फर्दचा र अजून शाबूत आहे.

दुसरी फळी ‘दार’ची. फारसीत दाश्तन म्हणजे बाळगणं, आणि दार म्हणजे बाळगणारा. या आडनावांत एक गंमतशीर जोडकाम दिसतं. पहिला तुकडा बहुधा अरबी असतो, दुसरा फारसी, आणि ते मिरवणारा माणूस घरी मराठी बोलणारा. किल्ला, इनाम, सुभा, हवाला हे शब्द अरबीतले. त्यांना दार जोडून किल्लेदार, इनामदार, सुभेदार, हवालदार झाले. मजमुआ म्हणजे एकत्र केलेला संग्रह, इथे जमाखर्चाची एकूण गोळाबेरीज; ती पाहणारा मजमुआदार. महाराष्ट्रात त्याचा मुजुमदार झाला, गुजरातेत मजमुदार, बंगालात मजुमदार. या तिन्ही प्रांतांतल्या मजुमदारांचं एकमेकांशी नातं नाही, गोत्र वेगळं, जेवण वेगळं. त्यांना जोडणारा दुवा एकच: पूर्वज कधीतरी सरकारी हिशेबाच्या चोपड्यांसमोर मांडी घालून बसला होता.

‘सर’ या फारसी शब्दाचा अर्थ डोकं, म्हणून मुख्य. तो कुठल्याही भाषेतल्या शब्दाला बिनतक्रार लागला. सरनोबत पुरता फारसी-अरबी, पण सरदेसाई, सरदेशमुख, सरनाईक यांत मागचा शब्द देशी आहे. मराठ्यांचा सलग इतिहास मराठीत लिहिणारे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या आडनावाचा पहिला तुकडा फारसी आहे. १९२५ साली मराठीला फारसी-मराठी कोश देणारे माधव जूलियन घरचे पटवर्धन होते. मराठीतल्या फारसी शब्दांबद्दल कोणाचं मत काहीही असो, ज्यांनी ते शब्द मनापासून अभ्यासले त्या विद्वानांविषयी कृतज्ञता वाटल्याशिवाय राहत नाही.

दप्तराबाहेर, बाजारातही हेच घडत होतं. तलवारींना पाणी देऊन घासूनपुसून लखलखीत करणारा तो सैकलगर. सैकल हा अरबी शब्द आणि गर हा फारसी प्रत्यय. त्याचा शिकलगार झाला. अत्तर विकणारा अत्तार, बागेतली फळं विकणारा बागवान. हे शब्द महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मुसलमान कुटुंबांची आडनावं झाले. पण त्याच आळीतलं तांबोळी हे आडनाव मात्र संस्कृत तांबूलातून आलं आहे, आणि ते हिंदूंमध्येही आहे, मुसलमानांमध्येही. धर्मावरून आडनावाची भाषा ओळखायला गेलं की असा चकवा बसतो.

कोकणातलं दलवाई हे नाव याहून बोलकं आहे. दक्षिणेतल्या राज्यांत सैन्याच्या प्रमुखाला दळवायी म्हणत. म्हैसूरच्या वडियारांच्या दरबारात दळवायी राजाइतकाच बलवान झाला होता. दळवी आणि दलवाई ही त्याच शब्दाची कुटुंबीय. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. त्यांच्या नावाचा पहिला शब्द अरबी, आडनाव कानडी मुलखातल्या लष्करी पदाचं आणि लेखन अस्सल मराठी.

कानडीने मराठीला दिलेली आडनावं पुष्कळांना कानडी वाटतच नाहीत. कानडीत नाडु म्हणजे प्रदेश. महाराष्ट्रात ज्याला देशमुख म्हणतात, त्या कामाला कर्नाटकात नाडगौडा हे नाव होतं, आणि देशाचे हिशेब लिहिणारा तो नाडकर्णी. ‘देश’च्या जागी ‘नाड’ ठेवून पाहिलं की नातं लगेच उलगडतं. गावपातळीवरही तेच. इकडचा कुळकर्णी तो तिकडचा शानभाग, कारण कर्नाटकात गावच्या हिशेबनिसाला शानभोग म्हणत. गोव्यापासून कारवारमार्गे मंगळुरापर्यंत पसरलेल्या कोकणी कुटुंबांत नाडकर्णी आणि शानभाग शेजारीशेजारी नांदतात. सीमेच्या एका बाजूला एक भाषा आणि दुसऱ्या बाजूला दुसरी, ही कल्पना नकाशावर ठीक आहे; महसूल गोळा करणाऱ्यांना ती कधी मान्य नव्हती.

पाटील मात्र या सगळ्यांहून जुना. जुन्या ताम्रपटांत पट्टकिल हा शब्द येतो. प्राकृतातून घासत घासत त्याचा पाटील झाला, तसाच ज्योतिषीचा जोशी आणि श्रेष्ठीचा शेटे. सुलतान आले, गेले, छत्रपती आले, इंग्रज आले. प्रत्येकाने परगण्यावरची नावं बदलली, पण गावच्या पाटलाला हात लावला नाही. त्याच्यावाचून वसूल होत नव्हता.

पाटील, कुळकर्णी, देशमुख यांच्या कामांची पिढीजात वतनं शेवटी स्वतंत्र भारताच्या कायद्यांनी संपवली. परगणा आणि कुळकर्णी वतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५०चा, महसुली पाटलाचं पद रद्द करणारा महाराष्ट्राचा कायदा १९६२चा. कुळकर्ण्यांचं गावदप्तर तलाठ्याकडे गेलं. पोलीस पाटील हे पद १९६७च्या कायद्याने नव्या रूपात चालू आहे, पण ते वंशपरंपरेने मिळत नाही. अर्ज करून, पात्रता दाखवून मिळतं. त्यामुळे एखाद्या गावात पोलीस पाटलाचं आडनाव कांबळे किंवा शेख असू शकतं, आणि त्याच गावात पाटील आडनावाची चाळीस घरं असू शकतात. काम आणि नाव यांची अशी फारकत होणं ही लोकशाहीची मोठी कमाई आहे.

काम आणि नाव यांची सांगड उलट दिशेने बसल्याचीही उदाहरणं आहेत. सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं गोऱ्हे कुटुंब पुण्यात आलं, पेशव्यांकडे फुलं पुरवू लागलं आणि फुले झालं. त्याच घरात १८२७ साली जोतीराव जन्मले. मंगेशीच्या देवळात देवाला अभिषेक करणाऱ्या घराला अभिषेकी म्हणू लागले. पंडित जितेंद्र अभिषेकींच्या घराचं मूळ आडनाव नवाथे. आणि त्याच मंगेशीत १९०० साली जन्मलेल्या दीनानाथांनी गावच्या देवाचं नाव घेऊन मंगेशकर हे आडनाव लावलं. एका देवळाच्या आवारातून निघालेली ही दोन नावं. मराठी संगीतातून ती दोन्ही काढून टाकली तर उरणारी शांतता सोसवणार नाही.

मंगेशकरांपाशी ‘कर’ आला. मराठी आडनावांतला हा सर्वात लाडका प्रत्यय, आणि त्याचं एक मर्म सहसा ध्यानात येत नाही. सगळं गावच ज्या गावचं आहे, तिथे कोणाला त्या गावाच्या नावाने हाक मारायची गरज पडत नाही. माणूस गाव सोडून दुसरीकडे जातो, तिथले लोक विचारतात ‘कुठले?’, आणि उत्तराला कर लागतो. बहुतेक ‘कर’ मंडळी अशी कधीतरी बाहेर पडलेल्यांची वंशज आहेत. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर झाले ते इंदूरपर्यंत जाणार होते म्हणूनच. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव घातलं गेलं तेव्हा पटावर नोंद झाली ती भिवा रामजी आंबेडकर अशी. महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेच्या पटातल्या एका ओळीने आधुनिक भारताला त्याचं एक सर्वात मोठं नाव दिलं.

शाळेचा पट, रेल्वेचं हजेरीपत्रक, कोर्टाचं समन्स, जनगणनेचा तक्ता: एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाने हे कागद आणले आणि तोवर सैल असलेली आडनावं घट्ट झाली. त्याआधी एकाच बापाचे दोन मुलगे दोन नावांनी ओळखले जाणं नवलाचं नव्हतं. एक कुळकर्णी, दुसरा गाव बदललेला अमुककर. कागदाने एक नाव मागितलं, आणि त्या दिवशी जे नाव तोंडात होतं ते पुढच्या सगळ्या पिढ्यांचं झालं.

याच कारणाने आडनावांच्या मागे लावल्या जाणाऱ्या राजवंशांच्या गोष्टी जपून घ्याव्या लागतात. यादवचा जाधव होणं, शिलाहारचा शेलार होणं, चालुक्याचा साळुंखे होणं, परमारचा पवार होणं यात ध्वनींचा प्रवास पटण्यासारखा आहे. प्राकृतात शब्दारंभीच्या य चा ज होतोच. पण शब्द पोचला म्हणजे वंश पोचला असं नाही. राजाच्या पदरचे शिपाई, सेवक, रयतही राजाचं नाव लावू शकत होते. गायकवाड म्हणजे गाईंसाठी कवाड उघडणारा, ही बडोद्याच्या घराण्याची कथा सुंदर आहे, आणि तिच्यातला गाईविषयीचा जिव्हाळा खरा आहे. कथा म्हणून ती जपावी, आणि व्युत्पत्तीसाठी वेगळा पुरावा मागावा.

कोकणच्या किनाऱ्याने खाली उतरलं की वेगळ्याच भाषा कानावर येतात. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, १५३४ साली वसईचा मुलूख त्यांच्याकडे आला. बाप्तिस्मा घेणाऱ्याला नवं नाव मिळे आणि त्याबरोबर धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं आडनावही मिळे. त्यामुळे एकाच गावातले सख्खे चुलतभाऊ वेगवेगळ्या आडनावांचे झाले आणि ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही ती घरं एकाच आडनावाखाली आली. गोव्यातली कित्येक ख्रिस्ती कुटुंबं आपलं आधीचं आडनाव कामत, पै, प्रभू किंवा नाईक होतं, ही आठवण आजही सांभाळून आहेत.

या आडनावांच्या आत शिरलं की युरोपचा जुना इतिहास उघडतो. परेरा म्हणजे नाशपतीचं झाड. सिल्वा म्हणजे रान, कोस्ता म्हणजे किनारा, फोन्सेका म्हणजे आटलेला झरा. ही सगळी लॅटिनची मुलं. लोपिश हा लोपोचा मुलगा, आणि लोपो म्हणजे लांडगा, म्हणजे आपला लांडगेच. फर्नांडिस हा फर्नांदोचा मुलगा आणि रॉड्रिग्ज हा रोद्रिगोचा. फर्नांदो आणि रोद्रिगो ही नावं मात्र लॅटिन नाहीत. रोमन साम्राज्य कोसळल्यावर आयबेरियात राज्य करणाऱ्या गॉथ लोकांनी आणलेली ती जर्मनिक नावं आहेत. रोद्रिगोचा अर्थ कीर्तीने थोर असा राजा. उत्तर युरोपातल्या टोळ्यांचा शब्द पोर्तुगालमार्गे साळसेतच्या रापणकाराच्या घरी येऊन वसला. आल्मेदा हे आडनाव पोर्तुगालमधल्या गावाचं, आणि त्या गावाचं नाव तिथल्या मूर राजवटीतल्या अरबीतून आल्याचं मानतात. डिसोझामधली सोझा ही उत्तर पोर्तुगालमधली नदी, आणि आधीचा ‘दि’ आपल्या ‘कर’चंच काम करतो. म्हणजे डिसोझा हे अर्थाने सोझाकर झाले.

चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली. राज्य गेलं, पण चर्च राहिली, आडनावं राहिली आणि घरात बोलली जाणारी सामवेदी ऊर्फ कादोडीसारखी बोलीही राहिली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ज्यांना त्यांच्या आडनावाकडे पाहून आश्चर्य वाटलं, त्यांनी वसईचं मराठी ऐकलेलं नव्हतं.

गोव्यातल्या हिंदूंनी आडनावं बदलली नाहीत, तरी पोर्तुगीज लेखनिकांच्या कानाने ती बदलली. प्रभूचं पोरोबो झालं, कामतीचं कामोतिं झालं, शेणयचं सिनाय झालं. अनेक घरांत हे सिनाय मूळ ग्रामनामाच्या आधी अजून लावलं जातं. बायबलमधल्या सिनाई पर्वताशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

मुंबईने आडनावांची रीतच बदलून टाकली. १७३६ साली सुरतेहून गोदी बांधायला आलेले लवजी नसरवानजी वाडिया झाले, कारण गुजरातीत वाडियो म्हणजे जहाजं बांधणारा. त्यांच्या वंशजांनी बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे १८१७चं जहाज इंग्लंडात आजही तरंगत्या अवस्थेत जपून ठेवलेलं आहे. पारशी समाजात बापाचं नाव मागे लावायची पद्धत होती. शहरात आल्यावर धंद्याचं नाव लागलं. दारूवाला, बाटलीवाला, दलाल, वकील, आणि इंग्रजी अमलात कॉन्ट्रॅक्टर, इंजिनियर, मर्चंट. क्रिकेटमुळे नरी कॉन्ट्रॅक्टर आणि फारूख इंजिनियर ही नावं मराठी घराघरांत माहितीची झाली. रोख पैसा ताबडतोब उभा करणारं घराणं रेडीमनी झालं. मुंबई विद्यापीठाचं पदवीदान सभागृह याच घराण्यातल्या सर कावसजी जहांगीर यांच्या नावाने आहे. पेटिट हे तर फ्रेंच. सर दिनशा पेटिट यांचे एक पूर्वज फ्रेंच जहाजांचं काम पाहत. ते बुटके होते, म्हणून फ्रेंच लोक त्यांना ‘पेटी’, म्हणजे लहानखुरा, म्हणत. बोलावण्याचं ते नाव पुढे बॅरोनेटच्या सनदेवर चढलं. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या बाबतीत तर १८६०च्या एका खास कायद्याने ठरवून टाकलं की पदवीचा प्रत्येक वारस जमशेटजी जीजीभाई हेच नाव लावील. जन्मनाव काहीही असो, गादीवर बसला की तो जमशेटजी. नाव वारशाने मिळतं हे सगळीकडेच. इथे ते कायद्याने बंधनकारक झालं.

या सगळ्या आडनावांत रक्त, धर्म आणि भाषा यांचे हिशेब सर्वात निर्भयपणे मोडले ते रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल समाजाने. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं आणि सात जोडपी तेवढी वाचली. ती माणसं इथेच राहिली, तेलाच्या घाण्या चालवू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांनी राहत्या गावांची नावं घेतली आणि पुढे कर लावला. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर, अष्टमीचे अष्टमकर, झिराडचे झिराडकर, दिव्याचे दिवेकर. पहिली नावं बायबलमधलीच, पण कोकणी वळणाची: सॅम्युएलचा सामाजी, अब्राहमचा आबाजी, बेंजामिनचा बेनाजी. नावाला ‘जी’, आडनावाला ‘कर’ आणि घरात शब्बाथ. सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत या समाजाचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. त्यांच्या नावाचा सॅम्युएल स्ट्रीट मांडवी भागात आहे.

समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिला तो हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पुस्तक छापून आलं १९३७ साली, आणि तेही तेल अवीवला. इस्राएलची स्थापना झाल्यावर या समाजातली बहुतेक घरं तिकडे गेली. काहींनी तिथे हिब्रू वळणाची आडनावं घेतली. पुष्कळांनी कर ठेवला, आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं. इस्राएलमध्ये कोणी आपलं आडनाव पेणकर सांगितलं, तर ऐकणाऱ्याला कळतं की हे घर भारतातून आलं आहे, आणि भारतातही कोकणातून. पेण किंवा झिराडला मात्र आता ते आडनाव लावणारं ज्यू कुटुंब शोधूनच काढावं लागेल.